नाव आधी, हकीकत मागून

सौंसर,
५ ऑक्टोबर १९५६

चिरंजीव अरविंदास,

बाबाचा आशीर्वाद. तुझं पत्र परवा छोट्या गाडीच्या टपालानं मिळालं. तुझं अक्षर पाहूनच तुझ्या मायनं देवाजवळ दिवा लावला; आत काय लिहिलं आहे ते मी तिला नंतर वाचून दाखवलं. मारुतीच्या कृपेनं इकडे आम्ही बरे आहोत. मायचे गुडघे दुखतात, पण बाजार तिला सुटत नाही.

पाऊस यंदा लांबला. कपाशीची बोंडं काही ठिकाणी काळी पडली. आपल्या दोन एकरांत मात्र पहिला वेचा बरा निघेल असं दिसतं.

इकडचे लोक काय म्हणतात, असं तू विचारलंस. सौंसर जागचं हललं नाही, नागपूरही हललं नाही, पण येत्या पहिल्या तारखेपासून नागपूर दुसऱ्या राज्यात आणि आपण या राज्यात. बाजारात नत्थूजी पाटील मला म्हणाले, "मास्तर, माह्या लेकीच्या घरी सणाला जायचं तं आता परमुलखात जा लागन काय?" लोक हसले.  त्यांची लेक नागपूरच्या बाजूला, काटोलला दिली आहे.

तुमचं सगळं ऑफिस नागपूरहून नव्या राजधानीला, भोपाळला जाणार हे वर्तमानपत्रात वाचलं होतंच. कपाटं, फायली, माणसं, सगळं उचलून नेणं सोपं नाही. अंगावर गरम कपडा ठेव. तिकडे थंडी जास्त असते म्हणतात.

सूनबाई सुधा बरी आहे.

कन्याशाळेच्या मोठ्या बाईंनी तिला लहान मुलींचा वर्ग सांभाळायला बोलावलं आहे. पगार नावापुरता, पण ती आनंदानं जाते. मार्चमध्ये ती मॅट्रिकला बसेल. तिचं इंग्रजी आता माझ्या बरोबरीला आलं आहे, आणि मी हे मायेनं म्हणत नाही.

पाच वर्षांपूर्वी तू तिला नागपूरहून परत पाठवलंस तेव्हा सोबत चिठ्ठी होती: "हिला चार माणसांत नेता येत नाही. साहेबांच्या बाईंनी नाव विचारलं तर ही पदर चावत उभी राहिली. इंग्रजी शिकवा, मग पाहू." त्या 'मग पाहू'वर मी शाळा मांडली. मी स्वतः खेड्यातल्या शाळेत शिकलेला. इंग्रजी शिकलो ते तिशी ओलांडल्यावर, पाचवीच्या पोरांना शिकवायचं म्हणून. तेच ज्ञान तिला दिलं. रोज दिवेलागण झाली, हरिपाठ झाला, की ओसरीवर आम्ही दोघं बसतो.

सध्या 'हू' आणि 'व्हिच' चाललं आहे. हा धडा आपल्या माणसाला जड जातो. आपण म्हणतो, "जी बाई विहिरीवर उभी आहे, ती माझी बहीण." म्हणजे आधी विहीर, आधी उभं राहणं, आणि ती कोण ते शेवटी. इंग्रजाला तेवढा धीर नाही. तो आधी बाई समोर आणून उभी करतो, 'द वूमन', आणि मग 'हू' लावून तिची हकीकत मागून जोडतो. हे मी सुधाला समजावलं तर ती म्हणाली, "म्हंजे मामाजी, आपल्यात माणूस येते तं पह्यले त्याच्या चपला वाजते. अन् त्याहीच्यात पह्यले तोंड दिसते." मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

तिची एकच चूक राहते. "द ऑरेंजेस व्हिच आर इन द बास्केट" इथपर्यंत बरोबर येते, आणि पुढे "दे आर स्वीट" म्हणते. ते 'दे' तिथं नको. पण आपल्याला 'जी' म्हटलं की 'ती' यावीच लागते. नाही आली तर वाक्य उपाशी राहिल्यासारखं वाटतं. ती म्हणते, "जिभेले वाट पाहाची सवय झाली जी."

तू जे मुख्य लिहिलं आहेस, म्हणजे भोपाळात कुटुंब सोबत असलं तर क्वार्टर लवकर मिळतं आणि म्हणून सुधाला पाठवावं, त्याबद्दल सवडीनं लिहितो. आज मायला तेल लावून द्यायचं आहे.

तुझा,
बाबा

⁂

सौंसर,
१७ ऑक्टोबर १९५६

चिरंजीव अरविंदास,

आशीर्वाद. दसऱ्याचं सोनं पत्रासोबत पाठवतो आहे. पान वाळलं तरी देवापुढचं आहे.

तुझं उत्तर आलं. तू लिहितोस, "मी व्याकरणाचा धडा मागितला नव्हता. सत्तावीस तारखेला शनिवारी दुपारच्या गाडीनं आम्ही भोपाळला निघतो. गाडी पांढुर्ण्याला पाणी घेते. सुधाला फलाटावर आणून उभी करा. मला उतरायला वेळ होणार नाही. सामान थोडं द्या." तुझं हे पत्र मी मायला आणि सुधाला दोघींना वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. गाळावा असं मनात आलं होतं.

तुझ्या मायनं ऐकल्याबरोबर माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तिखट, मीठ, कुरड्या, जुनी साडी, नवी साडी. बोलत होती आणि रडत होती. "पाच वर्सं जामसावळीच्या मारुतीले नारळ फोडले म्या. ऐकलं देवानं." सुधा कंदिलाची काच पुसत बसली. काच केव्हाची स्वच्छ झाली होती.

हे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. संध्याकाळी मी म्हटलं, आज धडा राहू दे. ती म्हणाली, "काहून राहू देता? घ्या ना." मग मी म्हटलं, आज वाक्य तूच कर. नावापासून सुरू कर, 'हू' लाव, पुढे नेऊन संपव. ती थोडा वेळ अंगणात पाहत होती. मग पाटीवर न लिहिता सरळ म्हणाली:

"अरविंद, हू लिव्ह्ज इन नागपूर, इज गोइंग टु भोपाळ."

वाक्यात काही चूक नव्हती. पण अरविंद, ती तुझं नाव घेऊन बोलली.

तुला आठवत असेल, लग्नात बायकांनी तिला दारात अडवून धरलं होतं. नाव घेतल्याशिवाय आत सोडेनात. तेव्हा तिनं मान खाली घालून म्हटलं होतं, "संत्र्याच्या बागेत पाखरांचा थवा, अरविंदरावांचं नाव घेते, आशीर्वाद हवा." पाखरं, बाग, सगळं आधी, आणि तू त्याच्या आड. तेसुद्धा अर्धं नाव पदरात गेलं. त्यानंतर या घरात मी तिच्या तोंडून तुझं नाव ऐकलं नाही. 'त्यांचं पत्र', 'ते म्हणायचे', एवढंच. आपल्याकडच्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. तुझी माय माझं नाव अजून घेत नाही. माझ्याच नावाच्या गुणवंता सुताराला हाक मारायची तर 'खुर्च्यावाला' म्हणते.

माय चुलीपाशी होती, तिथून ओरडली, "अवं पोरी! नवऱ्याचं नाव! दिवेलागणीच्या वक्ताले!"

सुधा म्हणाली, "आत्याबाई, त्या भाषेत नाव पह्यले घ्या लागते."

"मंग असली भाषा नाई पाहिजे आमाले. अन् तुमी, मास्तर, हे शिकवून राहिले काय तिले?"

मी कंदिलाची वात वर केली. तेव्हा सुधा माझ्याकडे पाहून अगदी हळू म्हणाली, "मामाजी, मले वाटलं होतं का जीभ अडखळन. नाई अडखळली. बाजारातल्या कोण्या माणसाचं नाव घ्यावं, तसंच वाटलं."

मी तीस वर्षं पोरांच्या वाक्यांवर खुणा करत आलो. या वाक्यावर मला काही करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी तिला वाटेत विचारलं, "पोरी, तुला जायचं नाही काय?" ती म्हणाली, "तुमी मले त्यांच्यासाठी शिकवलं. मी बी पह्यली दोन वर्सं त्यांच्याचसाठी शिकली. रोज वाटे, आता येतीन, आता इचारतीन. मंग शिकता शिकता मलेच गोडी लागली. कधी ते मांगं राह्यले, मलेच समजलं नाई." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "त्याहीनं माणूस नाई मांगितला जी. क्वार्टर मांगितलं."

मी जामसावळीला जाऊन आलो. मारुतीपुढे बराच वेळ बसलो. उत्तर काही मिळालं नाही. घरी येऊन मायला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "त्यानं सोता संसार नाई केला, त्याले काय इचारता?" इतक्या दिवसांत आम्ही दोघं तेवढं एकदा हसलो.

अरविंद, तुला मागतो ते एवढंच. त्या गाडीच्या आधी इकडे ये. एक दिवस राहा. सुधाशी स्वतः बोल. तू विचार आणि तिचं उत्तर तुझ्या कानानं ऐक. ती हो म्हणाली तर तिची ट्रंक मी माझ्या डोक्यावर घेऊन पांढुर्ण्याला येईन. पण तिला न विचारता फलाटावर उभी करणं माझ्याच्यानं होणार नाही.

उत्तराची वाट पाहतो.

बाबा

⁂

सौंसर,
२३ ऑक्टोबर १९५६

चिरंजीव अरविंदास,

आशीर्वाद. हे पत्र तुझ्या हाती वेळेवर पडावं म्हणून स्टेशनावर जाऊन टपालाच्या डब्यात टाकतो आहे.

तू आला नाहीस. पत्र आलं. ते मी दोनदा वाचलं आणि या वेळी कोणाला वाचून दाखवणार नव्हतो. पण मायनं माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "वाचा. म्या नऊ महिने पोटात ठेवलं त्याले, त्याचा शब्द सोसन मले." तेव्हा वाचावं लागलं. "रजा नाही. सुधा फलाटावर नसेल तर मला आई-बाप नाहीत असं समजेन आणि पुन्हा त्या गावाला पाय लावणार नाही." असं तू लिहिलं आहेस. रागात लिहिलं असशील. पण शाई वाळल्यावरही तू ते फाडलं नाहीस, पाकिटात घातलंस, तिकीट लावलंस.

माय त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी भिंतीला टेकून म्हणाली, "एकुलता एक हाय. सून दुसरी भेटते, मास्तर. पोरगा भेटन काय दुसरा?" मला म्हणाली खरी, पण आवाज आत जाईल एवढा होता. सुधा आतून आली. हातात ट्रंक होती. ती खाली ठेवून म्हणाली, "मी जाते, आत्याबाई. माह्यापायी तुमचं घर नको फुटाले."

मायनं तिला जवळ घेतलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, सुटलो. बघ, तुझ्या बापाच्या मनात काय आलं: सुटलो. पोरगा राहिला, घर राहिलं, गावात तोंड राहिलं, आणि हे सगळं मी काही न करता. मी उठून अंगणात गेलो आणि तिथं मला उभं राहवेना. ती 'जाते' म्हणाली ते तुझ्यासाठी नव्हतं. तुझ्या मायच्या रडण्यासाठी होतं. अशी बाई तुझ्या घरी तू नेलीस तर तुला क्वार्टर मिळेल. दुसरं काही मिळणार नाही. आणि तिला तर तेही नाही.

मी आत येऊन ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेवली. माय म्हणाली, "हे काय करून राहिले?" मी म्हटलं, "सुधा जाणार नाही." सुधा म्हणाली, "मामाजी, मी हो म्हटलं ना." मी म्हटलं, "तू म्हटलंस. मी नाही म्हणतो आहे." आयुष्यात मी घरात इतक्या मोठ्या आवाजात बोललो नव्हतो. शेजारच्या ओट्यावरचं बोलणं थांबलं.

रविवारी मी लोधीखेड्याला तिचे काका यशवंतराव यांच्याकडे गेलो. वडील नाहीत, भाऊ नाही, म्हणून त्यांनाच विचारणं भाग होतं. त्यांनी चहा दिला, संत्री दिली. सगळं ऐकून म्हणाले, "गुरुजी, आमी पोरगी दिली तेव्हाच दिली. आता तिचं बरं-वाईट तुमच्या उंबऱ्यात. आमाले नका ओढू." ते वाईट माणूस नाहीत. त्यांना तीन मुली आहेत. मी येताना गाडीत बसलो तर दोन्ही हात रिकामे वाटत होते.

तिथून सरळ नत्थूजींच्या घरी गेलो. तुला ठाऊक आहे, आपल्या लोकांत पंचांचा शब्द त्यांचा. आपल्याकडे नवरा-बायकोचं मिटत नसलं तर पंचांसमोर काडी मोडतात. एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं बाईच्या बाजूच्या माणसाच्या हातात. काडी मोडली की दोघं मोकळे. मग कोणी कोणावर हक्क सांगायचा नाही. तुझ्या चुलत आत्याचं असंच झालं होतं, तू लहान होतास. मी नत्थूजींना म्हटलं, माझ्या घरी काडीमोड करायची आहे. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, "मास्तर, लोकं सुनेले घराबाहेर काढाले काडी मोडते. तुमी सुनेले घरात ठेवाले मोडून राहिले. म्या असं आयकलं नाई कधी."

मी म्हटलं, "चुकतं आहे काय?"

"चुकत नाई. पण बाईकडून काडी कोण धरन? बाप नाई, भाऊ नाई, काका हात लावत नाई."

मी म्हटलं, "मी धरीन."

"अन् पोराकडून तुमचा पोरगाच?"

"तोच."

नत्थूजींनी सुपारी तोंडात टाकली नाही, खाली ठेवली. म्हणाले, "चाला मंग. म्या येतो. पण तुमचा साहेब गाडीतून उतरन तवा ना." मी म्हटलं, उतरायची गरज नाही. सत्तावीस तारखेला पांढुर्ण्याला इंजिन पाणी घेतं, तेवढा वेळ पुरे आहे.

तर असं ठरलं आहे. आम्ही आदल्या दिवशी बैलगाडीनं निघू आणि पांढुर्ण्याला धर्मशाळेत उतरू. शनिवारी दुपारी फलाटावर नत्थूजी असतील, मी असेन. सुधा नसेल. मी तिला विचारलं होतं, येतेस काय. तिनं विचार करून सांगितलं, "नाई जी. शनिवारी सकाळची शाळा हाय. पोट्ट्या वाट पाहातीन." तिचा आवाज स्थिर होता, पण नंतर ती परसात गेली आणि बराच वेळ आली नाही. पाच वर्षं ही काही थोडी नव्हेत. तिचंही काही मोडतंच आहे. तू हे समजून घे किंवा नको घेऊ.

मायनं दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं होतं. आज सकाळी गोवऱ्या थापता थापता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पोराले गाडीत खायाले काय करू? तिखट पुऱ्या टिकतीन ना भोपाळवरी?" मी म्हटलं, टिकतील. ती म्हणाली, "म्या तुमच्यासंगं येऊन नाई राहिली. म्या माह्या पोरासाठी येऊन राहिली." मी म्हटलं, बरं. तेव्हा तीही येते आहे. ती माझ्या बाजूला उभी राहणार नाही. तिला रागावू नकोस, तिच्याशी बोल. तिच्याशी तुझं काही मोडलेलं नाही.

तू डब्याच्या दारात उभा राहा. नत्थूजी काडी देतील, ज्वारीच्या धांड्याची, वाळलेली. एक टोक तू धर. दुसरं माझ्या हातात असेल. नत्थूजी विचारतील, तू हो म्हण, मी हो म्हणेन, आणि मोडायची. बोलायचं काही नाही. भांडायचं असेल तर मागाहून पत्रातून भांड, मी प्रत्येकाचं उत्तर देईन.  

आणि तू दारात आलाच नाहीस, तर मी नत्थूजींसमोर ती काडी एकट्यानं मोडीन. दोन्ही टोकं माझ्याच हातात येतील. ते पंच मान्य करतील की नाही हे नत्थूजींनाही सांगता आलं नाही. म्हणून ये. तुझ्या सुटकेसाठी नाही तर तिच्या सुटकेसाठी ये. ते एवढं तरी तू तिला देऊ शकतोस.

तू आई-बाप नाहीत असं समजायचं म्हणतोस. तुला समजायचं ते समज. आमच्याकडून ते होणार नाही, आम्हाला जमण्यासारखं नाही.

नागपूरला बसताना पांढुर्ण्याच्या फलाटाकडच्या बाजूला, दाराजवळची जागा धर. गर्दी असेल. दुसऱ्या बाजूला बसलास तर मायला तू दिसणार नाहीस.

त्या दिवसापुरता सुधाचा,
आणि जन्मभराचा तुझा,
बाबा